भाचीला बीए करायचं आहे

गेल्या वर्षी ७ जूनला बकरी ईद होती. मी आदल्या रात्री पुण्याहून बावड्याला पोचलो. सकाळी नमाज, मग कुर्बानी, मग वाटे घरोघरी पोचवणं. हे सगळं आटोपून जरा आडवा होतोय तोच आपाने मागच्या खोलीत बोलावलं. तिथे दुल्हेभाई, अम्मी आणि माझी भाची आधीच बसलेले. वातावरण कोर्टासारखं होतं आणि मी साक्षीदार म्हणून हजर झालो होतो, हे मला बसल्यावर कळलं.

भाची बारावी सायन्स झाली होती. मार्क चांगले होते. सीईटीचा निकाल अजून यायचा होता, पण पेपर बरा गेला होता. घरात सगळ्यांनी तिला मनातल्या मनात कॉम्प्युटर इंजिनिअर करून टाकलं होतं, माझ्यासारखं. आणि ती म्हणत होती, मला इंजिनिअरिंग नको. मला राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र एकत्र शिकायचंय, चार वर्षांची ऑनर्स डिग्री.

घरात आम्ही दखनी बोलतो, ते इथे मराठीत सांगतो. दुल्हेभाई म्हणाले, "सायन्सला इतके मार्क घेऊन कोण बीए करतं? तुम्हीच समजवा हिला. तुमचं ती ऐकते."

मी इंजिनिअर, म्हणून माझा निकाल ठरलेलाच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. खरं सांगायचं तर मीही तेच बोलायला तोंड उघडलं होतं.

आधी दुल्हेभाईंची बाजू सांगतो, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या बनवतात आणि दुरुस्त करतात. दीड एकर ऊस आहे, साखर कारखान्याचे सभासद आहेत. आमची जात ओबीसीत आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला की, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्कमाफी ५० टक्क्यांवरून १०० टक्के. म्हणजे इंजिनिअरिंगची फी सरकार भरणार. जो माणूस आयुष्यभर पोरांच्या फीचा हिशेब ट्रॉल्यांच्या भाषेत करत आला, त्याच्यासाठी ही केवढी गोष्ट आहे! आणि नेमकं तेव्हाच पोरगी म्हणते, ते सोडून दुसरं करते. शिवाय 'राजकारण' हा शब्द. बावडा हे राजकारणाचं गाव आहे. हर्षवर्धन पाटील इथले, १९९५ ते २०१४ इंदापूरचे आमदार, सहकारमंत्रीही होते. गावात लहान पोरालाही पॅनेल म्हणजे काय ते कळतं. पण आपल्या पोरीने, त्यात मुसलमानाच्या पोरीने, राजकारण 'शिकायचं' म्हणजे काय? अम्मी हळूच म्हणाली, "आजकालचा जमाना बघ बेटा, त्यात पडायचं कशाला."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि विषय संध्याकाळवर ढकलला. मला एक जुनी गोष्ट आठवली होती. ती मी घरात कधी सांगितली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे छोट्या कर्जांच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. दुचाकी, दुकानाचा माल, असली कर्जं. अर्ज आला की सिस्टिम त्याला गुण देणार आणि मंजूर की नामंजूर ते ठरवणार. ग्राहक कंपनीकडून एक एक्सेल फाइल आली. तिच्यात पिनकोड आणि वस्त्यांची नावं होती आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं 'निगेटिव्ह'. अर्जदाराचा पत्ता या यादीत असेल तर गुण मोजायचेच नाहीत, अर्ज तिथेच थांबवायचा. मी ती अट लिहिली, चार-पाच ओळींची. तपासणी करताना यादी खाली सरकवत गेलो आणि पुण्यातली एक वस्ती दिसली. माझे चाचा तिथे पंचवीस वर्षं गॅरेज चालवतात. कोणाचा एक रुपया बुडवलेला नाही.

मी मॅनेजरला विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "पॉलिसी टीमकडून आलंय. मागच्या वसुलीचा डेटा आहे त्यामागे." यावर मला काहीच बोलता आलं नाही. चीड होती, पण मुद्दा नव्हता. डेटा आहे म्हटल्यावर इंजिनिअर गप्प बसतो, आम्हाला तेच शिकवलेलं असतं. मी काम पूर्ण झाल्याची खूण केली आणि चहा प्यायला गेलो.

पुढे खूप उशिरा मला कळलं की ज्या गोष्टीने माझं तोंड बंद केलं तिच्यावर अर्धं शतक चर्चा चालू आहे. एखाद्या गटाच्या सरासरीवरून त्या गटातल्या एका माणसाला तोलणं, याला अर्थशास्त्रात संख्याशास्त्रीय भेदभाव म्हणतात. एडमंड फेल्प्स यांचा त्यावरचा गाजलेला निबंध १९७२ चा आहे. आणि बँका काही भागांना 'निगेटिव्ह' ठरवून तिथे सहज कर्ज देत नाहीत, ही नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात छापलेली आहे. तो अहवाल आमच्या समाजात प्रत्येक भाषणात येतो. मी स्वतः त्याचं नाव शंभर वेळा घेतलं असेल, पण उघडून वाचला नव्हता.

त्या यादीच्या प्रश्नाचे तीन पदर आहेत. या नियमाने कंपनीचा खरंच फायदा होतो का, की चांगले गिऱ्हाईक गमावून तोटा होतो? हा अर्थशास्त्राचा प्रश्न. फायदा होत असला तरी शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा माझ्या चाचांना देणं न्याय्य आहे का? हा तत्त्वज्ञानाचा. आणि असा नियम कोण करतं, कोणाला उत्तर देतं, तो बदलायचा तर कुठे जायचं? हे राज्यशास्त्र. एकाच चार ओळींच्या कोडमध्ये तिन्ही होते आणि माझ्याकडे एकही नव्हता. भाची जे मागत होती ते नेमकं हेच.

आता या पदवीबद्दल. इंग्रजीत तिला तीन आद्याक्षरांनी पीपीई म्हणतात. ऑक्सफर्ड विद्यापीठात ती १९२० मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथे राज्यकारभारात जाणारी मुलं प्रामुख्याने ग्रीक-लॅटिन शिकायची. पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाला ते पुरणार नाही हे दिसल्यावर जुन्या अभ्यासक्रमाला पर्याय म्हणून हे तीन विषय एकत्र बांधले गेले. बेनझीर भुट्टो हेच शिकल्या, मलाला युसुफझाईने २०२० मध्ये हीच पदवी घेतली. पण फार भारावून जाऊ नका. ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांचीही पदवी हीच होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या सरकारने करकपातीचा असा कार्यक्रम आणला की बाजार कोसळला आणि सात आठवड्यांत त्यांचं पद गेलं. तिन्ही विषयांचं थोडं थोडं शिकून आत्मविश्वास मात्र पूर्ण असलेली माणसं तयार होतात, अशी टीका या पदवीवर तिकडे होते. ती खोटी नाही. म्हणून नावापेक्षा आत काय शिकतो ते बघायला हवं.

आणि हे सगळं विलायतेचं आहे असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्रजी पुस्तकातले नियम इथे जसेच्या तसे का लागू होत नाहीत, हा त्याचा विषय. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवत आणि अर्थशास्त्रही. पुढे कायदेमंडळात बजेटवर बोलताना सरकारचेच आकडे सरकारसमोर धरत. त्यांच्या नावाची संस्था पुण्यात १९३० मध्ये उभी राहिली, तिच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही आहेत. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. दुल्हेभाईंच्या खिशात सहकारी साखर कारखान्याचं सभासदत्व आहे, त्या चळवळीच्या मुळाशी विठ्ठलराव विखे पाटलांसोबत हे गाडगीळ होते, प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष. एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने शेतकऱ्यांच्या कारखान्याची खुर्ची सांभाळली. हे मी संध्याकाळी सांगितल्यावर दुल्हेभाई पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसले.

पण सर्वात मोठं उदाहरण बाबासाहेबांचं. शाळेत संस्कृत नाकारलं गेलं म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये त्यांनी एमए केलं, तेव्हा मुख्य विषय अर्थशास्त्र आणि सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जॉन ड्युईंसारखे तत्त्वज्ञ आणि सेलिग्मनसारखे अर्थशास्त्रज्ञ त्यांचे शिक्षक. आपण त्यांना घटनेमुळे ओळखतो, वकील म्हणून ओळखतो. पण १९१८ मध्ये ते शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहीत होते, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर, १९३६ मध्ये जातीच्या निर्मूलनावर. लहान तुकड्यांच्या निबंधात त्यांचं म्हणणं असं की, तुकडा लहान असणं हे मूळ दुखणं नाही, जमिनीवर माणसांचा बोजा जास्त आहे आणि उपाय उद्योगधंद्यात आहे. दीड एकर ऊस आणि वेल्डिंगचं वर्कशॉप असलेल्या आमच्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जात का टिकते आणि रुपया का घसरतो, हे दोन्ही एकाच डोक्यात राहू शकतात आणि राहायला हवेत, हे त्या माणसाने दाखवलं.

संध्याकाळी चहा झाल्यावर भाचीने तिचा मुद्दा मांडला. तिने ऑक्सफर्डपासून सुरुवात केली नाही, पाण्यापासून केली.

बावड्याच्या दक्षिणेला नीरा नदी. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका. माझी खाला अकलूजला दिलेली आहे. नीरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापूर तालुक्याकडे येतो, उजवा फलटण, माळशिरसकडे जातो. इंदापूर डाव्या कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला. वर कोणी जास्त पाणी घेतलं की टेलचा माणूस रात्री मोटारीपाशी बसून राहतो. जून २०१९ मध्ये राज्य सरकारने नीरा-देवघर धरणाचं बारामती-इंदापूरकडे येणारं पाणी उजव्या कालव्याकडे वळवायचा निर्णय घेतला. आमच्याकडे संताप झाला, खालाच्या गावात आनंद. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकार बदललेलं होतं, निर्णयही बदलला. मग आमच्याकडे आनंद आणि तिकडे संताप.

भाची म्हणाली, "मामू, दोन्ही वेळी धरणात पाणी तेवढंच होतं. इंजिनिअर तेच होते. मग बदललं काय?"

तिने कुठेतरी जॉन रॉल्सबद्दल वाचलं होतं. हा अमेरिकन तत्त्वज्ञ, त्याचं न्यायावरचं पुस्तक १९७१ चं. त्याची कल्पना अशी: नियम ठरवताना आपण समाजात कोण म्हणून जन्मणार आहोत हे आपल्याला माहीत नाही असं समजायचं, आणि मग जो नियम मान्य होईल तो न्याय्य. भाचीने ते घरच्यांना असं सांगितलं की, तुम्ही बावड्यात जन्मणार की अकलूजला, वरच्या अंगाला की टेलला, ऊसवाल्याच्या घरात की ऊसतोड करणाऱ्याच्या, हे ठाऊक नाही. आता पाळीपत्रक बनवा. अम्मी लगेच म्हणाली, "मग तर आधी प्यायचं पाणी." खोलीत सगळे हसले. पण तिचं बरोबर होतं.

आणि इथे मला माझ्याच पेशातलं एक उदाहरण सापडलं. आपण ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, अभियंता दिन साजरा करतो ते विश्वेश्वरय्या. शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचे, हे आम्हाला पहिल्या वर्षाला सांगतात. पण त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली, नीरा कालव्यावर आणली, हे मला कोणी शिकवलं नाही. नीरेचा डावा कालवा दुष्काळात धान्य पिकावं म्हणून १८८५ मध्ये सुरू झाला आणि बघता बघता पाणी काही गावांच्या उसात मुरू लागलं. ब्लॉक पद्धतीत एका गटात ऊस काही भागावरच आणि बाकीवर इतर पिकं, आळीपाळीने, म्हणजे तेच पाणी जास्त गावांना पोचेल. त्यात लोखंड नाही, सिमेंट नाही. वाटपाचा नियम आहे, आणि तो अमलात आणायला ज्यांना आधीच जास्त मिळत होतं त्यांची नाराजी ओढवून घ्यावी लागते. इंजिनिअरिंगचा अभिमान मलाही आहे. मी एवढंच म्हणतोय की कालवा खणणारी माणसं आपल्या समाजाने आता बऱ्यापैकी तयार केलीत, वाटपाच्या टेबलाशी आपलं माणूस दिसत नाही.

हे सगळ्यात जास्त जाणवतं ते आरक्षणाच्या वेळी. २०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने वटहुकमाने मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली, पण मुस्लिमांचं शिक्षणातलं आरक्षण सरकारी संस्थांपुरतं चालू ठेवलं. म्हणजे न्यायालयाला तिथे आधार दिसला. तो आधार कुठून आला? सच्चर समितीचे आकडे, महमूदुर रहमान समितीचे आकडे. डिसेंबरमध्ये वटहुकूम संपला आणि नव्या सरकारने मुस्लिमांसाठी कायदा केला नाही.

त्या वर्षी मी नोकरीत नवा होतो. आमच्या ग्रुपवर दिवसरात्र संताप चालू होता. कोणी म्हणे धर्मावर आरक्षण बसत नाही, कोणी म्हणे बसतं. ओबीसी यादीतल्या मुस्लिम जाती आणि हे नवे ५ टक्के यांचा संबंध काय, हे आमच्यात एकालाही नीट सांगता येत नव्हतं, आणि शब्बीर अन्सारींनी जालन्यातून मुस्लिम ओबीसींची चळवळ कशी बांधली तेही माहीत नव्हतं. ग्रुपवर अकरा इंजिनिअर, चार फार्मासिस्ट, दोन डॉक्टर. सच्चर समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ अर्थशास्त्रज्ञ होते. आकडा कसा गोळा करायचा, कोणता आकडा कशाशी तोलायचा, हे ठाऊक असलेली माणसं त्या टेबलाशी होती म्हणून तो अहवाल आज वीस वर्षांनीही कोर्टात आणि विधिमंडळात उभा राहतो. त्याच अहवालात लिहिलंय की नामांकित कॉलेजांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, आणि पदव्युत्तरला दर ५० मागे एक. पुढचा अहवाल लिहायची वेळ आली तर कोण लिहिणार? राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था, मार्टी, काढायचं ठरवलं. तिथे संशोधक लागतील. ते पायथन येणाऱ्या माझ्यासारख्यांतून मिळणार नाहीत.

असगर अली इंजिनिअर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, मुंबई महापालिकेत वीसेक वर्षं नोकरी, मग ती सोडून बोहरा समाजातल्या सुधारणेच्या चळवळीत आले आणि इस्लाम, जमातवाद, स्त्रियांचे हक्क यांवर लिहीत राहिले. आडनावात इंजिनिअर शेवटपर्यंत राहिलं. म्हणजे उशिरा वळणं शक्य आहे. पण ज्यांना अठराव्या वर्षीच कळलंय त्यांना आपण आधी वीस वर्षं दुसरीकडे का पाठवायचं?

आता ज्यांच्या घरात अशीच बैठक भरणार आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचं. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांनाही २०२४-२५ पासून लागू झालं. तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चारला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येतं. एक मेजर विषय असतो, एक मायनर, शिवाय खुले पर्याय. म्हणजे अर्थशास्त्र मेजर, राज्यशास्त्र मायनर आणि तत्त्वज्ञान जमेल तिथून, अशी ही पदवी स्वतः जुळवता येते. नावावर पीपीई लिहिलेलं नसेल, चालतं. नावासकट हवी असेल तर सोनीपतच्या अशोका विद्यापीठात हे तिन्ही एकत्र मेजर म्हणून आहेत, पण फी वर्षाला लाखांत जाते. आर्थिक मदत मिळते, अर्ज करायला लाजू नका. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातही अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्ही ऑनर्सला आहेत आणि गरजेनुसार शिष्यवृत्ती आहे.

अडचण तत्त्वज्ञानाची. तालुक्याच्या कॉलेजात हा विभाग मिळणं मुश्कील. बारावी आर्ट्सच्या मुलांना तर्कशास्त्र घेता येतं, सायन्सच्या मुलांनी ते पाहिलेलंही नसतं. स्वयम पोर्टलवरचे कोर्स करून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला यूजीसीची परवानगी आहे. पण कॉलेज ते मान्य करतं का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा, नंतर नव्हे. दुसरं, गणित सोडू नका. अर्थशास्त्रात पुढे जायचं तर कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र लागतंच, आणि इथे सायन्सची मुलं पुढे असतात. तिसरं इंग्रजी. पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिलं वर्ष जड जातं, मलाही गेलं होतं. दिवसाला चार पानं वाचायची ठेवली की दुसऱ्या वर्षी फरक पडतो.

पैशाचं खरं बोलतो. पहिला पगार माझ्या पहिल्या पगारापेक्षा कमी असण्याची शक्यता मोठी आहे. बीए करून लगेच नोकरी हवी असेल तर ही वाट नाही. पुढे एमए किंवा कायदा लागेल. संशोधनाला जायचं तर मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, म्हणजे नेटची फेलोशिप किंवा राज्याच्या योजना बघाव्या लागतील. आणि कृपा करून ही पदवी फक्त एमपीएससीची तयारी म्हणून घेऊ नका. परीक्षा द्या जरूर, पण तिथे जागा थोड्या आणि अर्ज अफाट, आणि न झालेल्या परीक्षेनंतर हातात काहीतरी शिकलेलं उरायला हवं. ज्या घराला चार वर्षांनंतर लगेच पगाराची गरज आहे, त्या घरातल्या मुलाला मी आजही इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच सांगेन. प्रत्येकाने वळावं असं मी म्हणतच नाही. दहा इंजिनिअरांमागे दोन जण इकडे आले तरी खूप.

अम्मीच्या भीतीबद्दल मात्र मला नीट उत्तर देता आलं नाही. "त्यात पडायचं कशाला" हे ती उगाच म्हणत नाही, तिनेही बातम्या पाहिल्यात. मी एवढंच म्हणालो की आपण पडलो नाही तरी यादीत आपली वस्ती येतेच. मग त्यांना चाचांच्या गॅरेजची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. दुल्हेभाई बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि ते कोड तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मग?"

मगचं माझ्याकडे काही नव्हतं.

रात्री उशिरा त्यांनी अट घातली. सीईटीचा निकाल येऊ दे, कॅपचा फॉर्म भर, जागा मिळते का बघू, मग ठरवू. जागा मिळाली, कॉम्प्युटरचीच, बऱ्या कॉलेजात. घरात पुन्हा दोन आठवडे शीतयुद्ध. शेवटी आपाने निकाल दिला, आणि तिचं कारण रॉल्स नव्हता की आंबेडकर नव्हते. म्हणाली, पोरगी जे वाचताना जेवायचं विसरते ते तिला शिकू दे.

आता भाची पुण्यात एका कॉलेजात आहे, अर्थशास्त्र मेजर, राज्यशास्त्र मायनर. तत्त्वज्ञानाचा एक कोर्स स्वयमवर करते आणि त्यातलं अर्धं कळत नाही म्हणून मला फोन करते, मला तर तेवढंही कळत नाही. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात चांगले मार्क आले, इंग्रजी निबंधात कमी. अल्पसंख्याक मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रतीक्षा यादीत आहे, तोवर ती माझ्या घरी राहते आणि माझ्या बायकोशी बजेटवरून वाद घालते. कारखान्याच्या वार्षिक सभेचा अहवाल आला तेव्हा दुल्हेभाईंनी तो व्हॉट्सॲपवर तिला पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताळेबंद बघ. व्याजाचा आकडा एवढा का वाढला?" तिने तीन दिवस घेतले. उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही.